२०० लिटरची कार्बन भट्टी: खरकटं आणि एसटीपीचा गाळ घालून बघावी का?

नागपुरातल्या मोठ्या सोसायट्या, वसतिगृहं, मंगल कार्यालयं आणि हॉटेलं यांच्यासाठी एक जोडयंत्र विकलं जातं. एका बाजूला वाळवणी, दुसऱ्या बाजूला २०० लिटरच्या ड्रमची बंद भट्टी. विकणारा सांगतो की सकाळी खरकटं आणि एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचा) गाळ घाला, उद्या बायोचार, म्हणजे जमिनीत घालायचा कोळसा, काढा. बनवणारे फॅब्रिकेटर वेगवेगळे असले तरी आतली रचना जवळपास एकच असते. म्हणून हे परीक्षण कुणा एका कंपनीचं नसून त्या रचनेचं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. एसटीपीच्या गाळासाठी आणि संत्र्याच्या सालींसाठी, तेही ऑक्टोबर ते मे या काळात, ही भट्टी घेण्यासारखी आहे. हॉटेलच्या ओल्या खरकट्यासाठी घेऊ नका. कोळसा करणं हिला नीट जमतं. पाणी उडवणं जमत नाही, आणि महिन्याचं बिल पाणी उडवण्याचंच येतं.

पाण्याचा हिशोब

१०० किलो खरकटं घ्या. भात, भाजी, वरण, पोळ्यांचे तुकडे असं मिसळलेलं असेल तर त्यात साधारण ७५ किलो पाणी असतं, सुका माल फक्त २५ किलो. भट्टीत घालण्याआधी ओल १० टक्क्यांवर आणायची म्हटलं तर ७२ किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाणी ३० अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.५५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ७२ किलोंना १८४ मेगाज्यूल. हा झाला कागदावरचा आकडा. अशा छोट्या वाळवणीत अर्धी उष्णता वाफेच्या हवेबरोबर आणि पत्र्यातून निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात ३७० धरा. एवढ्यासाठी २५ किलो सुकी पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) किंवा ८ किलो एलपीजी जळतो. आणि शेवटी हातात काय येतं? २५ किलो सुक्या मालाचे ३० टक्के, म्हणजे साडेसात किलो कोळसा. आठ किलो गॅस जाळून साडेसात किलो कोळसा हा व्यवहार कोणत्याही अकाउंटंटला दाखवून बघा.

विक्रेत्याचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं: भट्टीतून निघणारा गॅसच वाळवणीला वापरतो, बाहेरचं इंधन लागत नाही. हेही मोजू. २५ किलो सुक्या खरकट्यात एकूण ४५० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. त्यातली १९० तरी कोळशात राहते. उरलेली २६० वायू आणि डांबरी वाफांमधून बाहेर पडते. त्यातून भट्टी स्वतः तापायची, विटा तापायच्या, चिमणीतून जायचं ते जायचं. वाळवणीपर्यंत १०० ते १३० पोचली तरी नशीब. गरज ३७० ची आहे. म्हणजे तिसरा हिस्सा भागतो, बाकीचं इंधन तुमचं. ‘शून्य इंधन’ असं माहितीपत्रकावर छापलेलं असेल तर त्यांनी किती ओलीचा माल धरला आहे ते विचारा. बहुधा आधीच वाळवलेला भुसा किंवा करवंट्या धरलेल्या असतात.

स्क्रू प्रेस लावून खरकटं पिळलं तर ओल ७५ वरून ६० टक्क्यांवर येते, आणि उडवायचं पाणी ७२ वरून ३५ किलोंवर. इंधन निम्मं होतं, शिवाय रसाबरोबर बरंचसं मीठही निघून जातं, ते पुढे उपयोगी पडतं. पण १०० किलोंमागे निघणारा तो ३५-४० लिटर रस कुठे सोडणार? एसटीपीत एकदम ओतला तर एअरेशन टाकीला (जिथे पाण्यात हवा सोडतात) फेस येतो आणि त्या दिवसाचं बाहेरचं पाणी गढूळ जातं. सुरुवातीच्या इक्वलायझेशन टाकीत, जिथे सांडपाणी आधी साठतं, दिवसभर थोडा थोडा सोडावा लागतो. प्रेस विकताना याबद्दल कोणी बोलत नाही.

खरकट्याला याहून सरळ वाट बायोगॅसची आहे. तेच १०० किलो खरकटं डायजेस्टरमध्ये घातलं तर नीट चालणाऱ्या संयंत्रातून ८ ते १० घनमीटर वायू मिळतो, म्हणजे ४ किलोंच्या आसपास एलपीजीची बचत, आणि पाणी उडवायची गरजच नाही. ज्याच्याकडे रोज ओलं खरकटं आहे त्याने या भट्टीपेक्षा डायजेस्टरचं कोटेशन मागवावं. त्यातून उरणारा गाळ वाळवून भट्टीत घालता येतो, पण ती पुढची गोष्ट.

गाळाला नागपूरचं ऊन

एसटीपीच्या गाळाचं गणित वरवर याहून वाईट आहे. एसटीपीच्या प्रेसमधून आलेल्या केकमध्ये, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या गाळात, ८० टक्के पाणी, आणि सुक्या भागातली ऊर्जाही किलोला १० ते १५ मेगाज्यूलच. पण गाळाला खरकट्यासारखी घाई नसते. तो पसरून ठेवता येतो, उंदीर आणि कुत्रे त्याच्याकडे वळत नाहीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जे ऊन पडतं ते फुकट असतं.

ढोबळ मापं अशी. दिवसाला १०० घनमीटर सांडपाण्याचा एसटीपी, म्हणजे दीड-दोनशे फ्लॅटची सोसायटी, रोज १५ ते २० किलो सुका गाळ देते. केकच्या रूपात तो ७५ ते १०० किलो होतो. ५ सेंटिमीटर थर दिला तर १०० किलोंना २ चौरस मीटर जागा लागते. या थरात सुमारे ४० मिलिमीटर उंचीचं पाणी असतं. मेमध्ये उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १२ मिलिमीटरच्या आसपास उडतं, पण गाळावर दुसऱ्याच दिवशी पापुद्रा धरतो आणि खालचं पाणी अडकतं. म्हणून तीन-चार दिवसांचं काम आठवड्यावर जातं. दिवसातून दोनदा दाताळ्याने उलटवला तर आठवडा पुरतो, नाहीतर दहा दिवस. म्हणजे उन्हाळ्यात १४ चौरस मीटर, डिसेंबर-जानेवारीत २५ तरी हवेत. गच्चीवर नको. खाली कोबा, कडेला चार इंची कठडा, वर पॉलिकार्बोनेटचं छप्पर आणि दोन्ही बाजू मोकळ्या.

पॉली (गाळ गोळा करायला घालतात ते पॉलिमर) जास्त पडलेला केक चिवट होतो आणि वाळताना गोळे धरतो. बाहेरून दगड, आतून चिखल. असा गोळा भट्टीत गेला की वाफ आतच कोंडते आणि तो फुटतो. गोळे ५ ते २० मिलिमीटरपर्यंत हाताने किंवा लाकडी ठोकळ्याने फोडून घ्या. मिक्सरमध्ये दळू नका. सुक्या गाळाची धूळ छातीत जाते आणि बंद जागेत पेटही घेते. उन्हात वाळला म्हणून गाळ निर्जंतुक झाला असंही समजू नका. जंतांची अंडी उन्हाला दाद देत नाहीत. हातमोजे आणि चांगला मास्क भट्टीत माल जाईपर्यंत काढायचा नाही.

पाऊस लागला की सगळं थांबतं. जून ते सप्टेंबर या यंत्राला जवळपास सुट्टी समजा. छपराखाली पंखे लावून चालवणारे चालवतात, पण केक आंबतो, आणि भांडेवाडीकडून वारा आल्यावर पूर्व नागपूरकर ज्या वासाला नाकं मुरडतात तोच वास सोसायटीच्या गेटवर येतो.

यंत्र आतून

बाहेर विटांचं किंवा सिरॅमिक वूलचं कवच, आत ड्रम, वर क्लँपचं झाकण, झाकणाच्या खाचेत सिरॅमिक दोरी. ड्रमच्या वरच्या भागातून निघालेला दोन इंची पाइप खाली चुलीत उतरतो आणि तिथे त्याला भोकं पाडलेली असतात, म्हणजे मालातून निघालेला गॅस चुलीतच जळावा. रचना जुनी आणि चांगली आहे. बनवताना कुठे काटकसर केली जाते तेवढं बघायचं.

पहिली काटकसर ड्रममध्ये. साध्या एमएस पत्र्याचा ड्रम ५०० अंशांवर वारंवार तापला की बाहेरून पापुद्रे सुटतात. आतून खरकट्यातलं मीठ आणि गाळातला गंधक त्याला खात असतात. रोज चालवली तर काही महिन्यांत तळ पातळ होतो. निदान तळ आणि खालचा फूटभर भाग एसएस ३१० चा मागा. एसएस ३०४ चालतं, पण मिठाच्या मालाला ते फार टिकत नाही.

दुसरी थर्मोकपलमध्ये, म्हणजे तापमान मोजणाऱ्या प्रोबमध्ये. पॅनेलवर ५५० दिसतं, पण तो के-टाइप प्रोब ड्रमच्या भिंतीला चिकटलेला असतो. गाळाचा सुका थर उष्णता सावकाश वाहतो. भिंत ५५० वर असताना मधला भाग शंभर-दीडशे अंश मागे असू शकतो. परिणाम असा की बाहेरचा माल कोळसा, मधला तपकिरी आणि डांबराच्या वासाचा. दोन प्रोब मागा, एक भिंतीला आणि एक नेमका मध्यावर, आणि बॅच कधी संपली ते मधल्या प्रोबवरून ठरवा. ड्रमच्या मध्यातून भोकं पाडलेला तीन इंची पाइप उभा बसवून घेतला तर गॅसला वाट मिळते आणि हा फरक बराच कमी होतो. फॅब्रिकेटरला हे काम फार अवघड नाही, मागितलं तर करून देतात.

तिसरी आणि सगळ्यात त्रासाची जागा तो दोन इंची पाइप. डांबरी वाफा ३५० अंशांखाली आल्या की भिंतीवर जमतात. पाइप लांब असेल, कवचाबाहेरून वळसा घेत असेल, त्याला काटकोनी एल्बो असतील, तर आठ-दहा बॅचमध्ये तो चोंदतो. चोंदला की ड्रममध्ये दाब वाढतो, झाकणाच्या दोरीतून पिवळा धूर येतो, आणि तो धूर पेट घेणारा असतो. पाइप कवचाच्या आतूनच उतरलेला हवा, वळण सैल हवं, आणि वरच्या टोकाला काठी घालून साफ करता येईल अशी टोपी हवी. झाकणावर वजनाची साधी रिलीफ झडपही असायला हवी. जिथे ती नाही ते यंत्र घेऊच नका.

एक बॅच

ओल तपासल्याशिवाय भरू नये. १०० ग्रॅम माल १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ८५ ग्रॅमपेक्षा जास्त उरला पाहिजे. ओव्हन नसेल तर खडा हाताने मोडून बघा. टक् करून तुटला तर ठीक, दबला तर परत उन्हात.

२०० लिटरच्या ड्रममध्ये ६० किलोंच्या आसपास गाळाचे खडे भरा, काठोकाठ नको. झाकणाची दोरी झिजलेली नाही हे बघा. चुलीत पऱ्हाटी किंवा तुराट्या पेटवा. सुरुवातीला १५ ते २० किलो लागतात. मधला प्रोब १००-१५० वर रेंगाळतो तेव्हा नुसती वाफ येत असते, पांढरी आणि पाणचट. ही अवस्था लांबली तर समजा माल ओला होता. २५० च्या पुढे धूर पिवळसर होतो. या वेळी चुलीत ज्वाळ असलीच पाहिजे. विझलेल्या चुलीत हा गॅस साचून नंतर ठिणगी लागली तर दार उडतं. ३०० ते ४५० मध्ये पाइपच्या भोकांतून निळी-पिवळी ज्योत स्वतः चालते, तेव्हा लाकूड घालणं थांबवा. ज्योत क्षीण झाली की पुन्हा थोडं लाकूड, मधला प्रोब ५०० वर आणा आणि तासभर धरा. एकूण चार तास, पहिल्या काही बॅचना पाच.

ज्योत पूर्ण गेल्यावर पाइपची झडप बंद करायची, म्हणजे गार होताना ड्रम बाहेरची हवा ओढणार नाही. गॅस येत असताना ती बंद करणं म्हणजे प्रेशर कुकरची शिटी दाबून धरणं. नवीन माणसाला आधी हेच शिकवा.

रात्रभर गार होऊ द्या. मधला प्रोब ६० अंशांखाली गेल्याशिवाय झाकण उघडू नका. पत्रा हाताला गार लागतो पण मध्यात निखारा असतो, हवा लागली की अख्खी बॅच राख. उघडताना ड्रमच्या वर तोंड नेऊ नका, आत कार्बन मोनॉक्साइड असतो. काढलेल्या मालावर किलोला एक तृतीयांश लिटर पाणी शिंपडा, पत्र्यावर १० सेंटिमीटरच्या थरात २४ तास पसरा, मगच पोत्यात. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषताना तापतो. पोत्यात भरून कोपऱ्यात रचून ठेवला तर रात्री पेटतो, आणि या यंत्रांच्या आगी बहुतेक भट्टीत नाही तर कोठारात लागतात. गाळाच्या कोळशावर पाणी पडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो सल्फाइडचा. हे काम उघड्यावरच करा.

६० किलो वाळलेल्या गाळातून २५ ते ३० किलो माल निघतो. दीड-दोनशे फ्लॅटना आठवड्याला दोन बॅच पुरतात.

काय घालावं, काय टाळावं

भात आणि पोळी वाळवून घातली तरी २०० अंशांच्या आसपास स्टार्च मऊ होऊन एकजीव होतो आणि ड्रमच्या तळाशी भाकरीसारखी जाड पोळी बनते. बाहेरून जळकी, आतून कच्ची. भुसा किंवा पऱ्हाटीचे तुकडे निम्म्याने मिसळले तरच निघते. तर्री हा वेगळाच प्रकार. सावजी रश्श्याचं तेल वाळवणीत सुटतं, पट्ट्यावर आणि पंख्यावर बसतं, आणि भट्टीत ३५० च्या पुढे एकदम गॅस होऊन ज्वाळ चिमणीतून बाहेर काढतं. तेल आधी निथळून वेगळं विका, त्याला गिऱ्हाईक आहे.

हाडं मात्र फेकू नका. सावजी भोजनालयांकडे मटणाची उकडलेली, मांस सुटलेली हाडं ढिगाने असतात. ती वेगळ्या बॅचमध्ये ४५० ते ५०० अंशांवर केली तर हाडांचा कोळसा मिळतो, आणि तो पाण्यातला फ्लोराइड ओढतो. यवतमाळ आणि चंद्रपूरमधल्या फ्लोराइडच्या विहिरींमुळे आपल्याकडे या विषयाला महत्त्व आहे. फ्लोराइडसाठी तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धतही नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची. हाडं ६००-७०० च्या वर गेली की पांढरी पडतात आणि त्यांची ताकद घटते, काळी राहिली पाहिजेत. पिण्याच्या पाण्याला लावण्याआधी धुऊन प्रयोगशाळेत तपासणं अर्थातच आलं, आणि हाडाचं पाणी प्यायला सगळे तयार होतील असंही नाही.

संत्र्याची साल हा या भट्टीचा सगळ्यात गुणी माल. हंगामात ज्यूसवाल्यांकडे ढीग असतो, उन्हात तीन-चार दिवसांत कडक होते, राख कमी, चिकटत नाही. एकच काळजी घ्या. सालीत लिमोनीन तेल असतं, त्याची वाफ ५० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. ताजी साल बंद गरम वाळवणीत घालू नका, आधी ऊन.

प्लास्टिकचा थर दिलेल्या पत्रावळ्या, द्रोण, दुधाच्या पिशव्या, चमचे यांतलं काहीही जाता कामा नये. मीठ आधीच भरपूर आहे, त्यात पीव्हीसीचं क्लोरीन मिळालं आणि चूल अर्धवट तापलेली असली तर डायॉक्सिन हे विष तयार होण्याची सगळी सोय होते. धूर ८५० अंशांवर दोन सेकंद राहिला पाहिजे असा सर्वसाधारण दंडक आहे. उघड्या चुलीच्या या भट्टीत तो कायम पाळला जात नाही, म्हणून बचाव एकच, निवडून घालणं.

निघालेला माल खरंच कार्बन आहे का

‘कार्बन मटेरिअल’ हा शब्द गाळाच्या बाबतीत जरा उदार आहे. सुक्या गाळात ३० ते ५० टक्के राख असते, आणि सेंद्रिय भाग उडाल्यावर उरलेल्या मालात ती ५० ते ७० टक्क्यांवर जाते. कार्बन २० ते ३५ टक्के. म्हणजे हातात येतो तो अर्ध्याहून जास्त खनिज असलेला काळा खडा. इंधन म्हणून तो पऱ्हाटीलाही हरतो. याच्या ब्रिकेट्स करा असं सांगणाऱ्याने स्वतः एक पेटवून दाखवावी. चांगली बाजू अशी की ५०० अंशांवर जंतू आणि जंतांची अंडी संपतात, फॉस्फरस जवळपास सगळा टिकतो. नायट्रोजन मात्र निम्मा उडून जातो.

जड धातू जात नाहीत. पारा उडतो आणि धुरात येतो, तांबं, जस्त, निकेल, शिसं जागच्या जागी राहतात, आणि वजन निम्मं झालं की त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. उदाहरणादाखल, गाळात किलोला ७०० मिलिग्रॅम जस्त असेल तर कोळशात १४००. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा १००० आहे. तांब्याची ३००, शिशाची १००, निकेलची ५०, कॅडमियमची ५. कच्चा गाळ पास आणि त्याचाच कोळसा नापास, असं सहज होतं. धातू कोळशात घट्ट बसतात, पाण्यात कमी सुटतात, हे खरं; पण नियम एकूण प्रमाण मोजतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत बायोचारच्या कच्च्या मालातून सांडपाण्याचा गाळ वगळलेलाच आहे. म्हणून हा माल ‘सेंद्रिय खत’ म्हणून विकायच्या फंदात पडू नका.

खरकट्याच्या कोळशाची अडचण मीठ. वजन तिसऱ्या हिश्शावर आलं की मीठ तिप्पट दाट होतं. एक भाग कोळसा, दहा भाग पाणी, तासभर हलवून ईसी मीटर (पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेवरून मोजणारा) बुडवा. ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला तर धुवा, पुन्हा मोजा. दोन-तीन धुण्यांत उतरतो. त्याच पाण्यावर नजर ठेवा: पिवळं दिसलं किंवा वर तेलाचा तवंग आला तर माल कच्चा राहिला. शेवटची परीक्षा मेथीची. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत दहावा हिस्सा कोळसा, दोन्हींत २५-२५ दाणे. आठवड्यात उत्तर मिळतं.

नागपुरात वापरायचा कुठे

बायोचारचे जगभर सांगितले जाणारे फायदे बहुतेक आम्ल, वालुकामय, निकस जमिनींतले आहेत. तिथे त्याचा अल्कधर्मी गुण चुन्यासारखा काम करतो. आपली काळी कपाशीची जमीन मुळातच पीएच ८ च्या आसपासची, चुनखडीची, आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायला तिच्यातली चिकणमाती पुरेशी आहे. खरकट्याचा कोळसा पीएच ९ ते १० चा. संत्र्याच्या बागेत आधीच लोह आणि जस्ताच्या कमतरतेने पानं पिवळी पडतात, त्यात हा टाकणं म्हणजे जखमेवर मीठ, शब्दशः. काटोल-नरखेडच्या बागायतदाराला हा माल ‘जमीन सुधारक’ म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहा.

उपयोग आहेत, पण वेगळ्या जागी. सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात वजनाने ५ ते १० टक्के मिसळला तर अमोनियाचा वास लगेच उतरतो आणि नायट्रोजन टिकतो. आमच्या मते सगळ्यात खात्रीचा उपयोग हाच. शोभेच्या झाडांच्या कुंड्यांत, कंपोस्टमध्ये तीन-चार आठवडे मुरवून, दहाव्या हिश्शापर्यंत. एसटीपीच्या गाळ टाकीच्या व्हेंटवर गाळाच्याच कोळशाचा ड्रम बसवला तर हायड्रोजन सल्फाइड बराच अडतो, कारण त्यातलं लोह आणि कॅल्शियम इथे कामी येतं. कोळसा किंचित दमट ठेवावा लागतो, खडे ३ ते ५ मिलिमीटरचे हवेत, आणि वास परत यायला लागला की बदलायचा. भाजीपाल्याला गाळाचा कोळसा धातूंच्या तपासणीशिवाय अजिबात नको.

‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’ हा दावा

काही माहितीपत्रकांत या मालाला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हटलेलं असतं. ते चूक आहे. त्यासाठी कोळसा ८०० ते ९०० अंशांवर वाफेत किंवा कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर कॉस्टिक पोटॅश, फॉस्फोरिक ॲसिड अशा रसायनाबरोबर भाजावा लागतो. या भट्टीत ना ते तापमान, ना वाफेची सोय. बाजारातल्या करवंटीच्या कार्बनचा आयोडीन आकडा (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो ते) ९०० ते ११०० असतो. विक्रेत्याकडे मालाचा आयोडीन आकडा मागा, मग विषय मिटतो. गाळ प्रयोगशाळेत सक्रिय केला तरी राखेमुळे करवंटीची बरोबरी करत नाही. राख काढायला ॲसिडने धुवायचं तर ते पाणी पुन्हा तुमच्याच एसटीपीत. संत्र्याच्या सालीपासून बॅटरीचा कार्बन ही संशोधनाची गोष्ट आहे, सोसायटीच्या तळघरातली नाही.

दुसरा पर्याय म्हणून हायड्रोथर्मल यंत्र दाखवलं जातं. ओला माल न वाळवताच २०० ते २२० अंशांवर दाबाखाली शिजवायचा. पाणी उडवायचं नसल्याने कल्पना आमच्या पहिल्या तक्रारीला नेमकं उत्तर देते, आणि शिजलेला गाळ पिळायलाही सोपा जातो. पण २०० अंशांवर साडेपंधरा बार आणि २२० वर २३ बार दाब असतो. प्रमाणित दाबपात्र, प्रशिक्षित माणूस आणि वर काळंकुट्ट, उग्र वासाचं पाणी, ज्याचा भार एसटीपीला झेपत नाही. महापालिकेच्या पातळीवर विचार करावा असं तंत्र, वॉचमनच्या हाती द्यायचं नव्हे.

ऑर्डर देताना

कागदावर या गोष्टी असल्याच पाहिजेत: किती ओलीच्या मालावर क्षमता सांगितली आहे, तुमच्याच गाळाची एक बॅच तुमच्यासमोर चालवून दाखवणं, दोन थर्मोकपल, रिलीफ झडप, तळाला एसएस ३१०, आणि चिमणी शेजारच्या खिडक्यांच्या वर. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का ते यंत्र येण्याआधी लेखी विचारून घ्या, आल्यावर विचारलं तर ते झाकून ठेवायची वेळ येते. पहिल्या दोन बॅचचा माल एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत धातू, ईसी आणि राख यांसाठी द्या. गाळाचा स्वभाव सोसायटीगणिक बदलतो, दुसऱ्याचा रिपोर्ट चालत नाही.

सुट्या भागांसाठी फॅब्रिकेटरकडे धावायची गरज नाही. सिरॅमिक दोरी, के-टाइप प्रोब आणि क्लँप हार्डवेअरच्या बाजारात मिळतात. इतवारीच्या लोहा ओळीकडे गेलात तर दोरीचा जुना तुकडा बरोबर न्या, कारण खाचेपेक्षा जाड दोरी बसवली की झाकण पुरतं बसत नाही आणि पुढच्या बॅचला त्याच बाजूने धूर येतो.